संशोधनातील सचोटी आणि मूल्यशिक्षण: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील मराठी घरांतून विज्ञानाकडे वळलेली मुले आज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कृषी विज्ञान विद्यापीठात शिकतात, तर काही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जातात. त्यांतली बरीच मुले घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच असतात. पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिके घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या काळात आणि पुढे संशोधक विद्यार्थ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

वैज्ञानिक सचोटी म्हणजे नेमके काय?

जे पाहिले तेच लिहिणे, जे पाहिले नाही ते न लिहिणे, आणि दुसऱ्याने पाहिलेले किंवा सुचवलेले त्याच्या नावाने लिहिणे. या तीन गोष्टी मोडल्या की तीन प्रकारचे गैरवर्तन होते: न केलेल्या प्रयोगाची आकडेवारी बनवणे, केलेल्या प्रयोगाच्या आकडेवारीत फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य. यांपैकी शेवटच्या प्रकाराबद्दल आपल्याकडे सर्वाधिक बोलले जाते, कारण तो संगणकाला दिसतो. पहिले दोन संगणकाला दिसत नाहीत आणि विज्ञानाचे अधिक नुकसान तेच करतात.

विज्ञानात खोटे टिकत नाही, मग नीतिशिक्षणाची गरज काय?

खोटे टिकत नाही हे खरे आहे, परंतु ते उघड होईपर्यंत किती काळ जातो आणि मधल्या काळात कोणाला किंमत मोजावी लागते, हे पाहिले पाहिजे. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील भूवैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांतले अनेक नमुने हिमालयातले नसून मोरोक्को, न्यूयॉर्क अशा ठिकाणांहून आलेले असावेत, हे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये जाहीरपणे मांडले. तोपर्यंत हिमालयाच्या भूस्तरांविषयीच्या लेखनात ही माहिती इतकी मिसळून गेली होती की खरे कोणते आणि खोटे कोणते हे निवडणे पुढच्या संशोधकांना अतिशय अवघड झाले.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी केवळ १२ मुलांच्या पाहणीवरून गोवरासह तीन रोगांवरील एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडला. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला तो २०१० मध्ये. या बारा वर्षांत कितीतरी आईबापांनी भीतीपोटी लस टाळली. विज्ञान स्वतःला सुधारते हे मान्य केले, तरी त्या सुधारणेची वाट पाहणे ज्यांना परवडत नाही अशी माणसे त्यात असतात.

संस्कार तर घरी आणि शाळेत होतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना विद्यापीठात नीती शिकवून काय साधणार?

पालकांचा हा सर्वांत आवडता प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी थोडे सविस्तर देतो, कारण या विषयाचे मर्म मला येथेच दिसते.

आपल्या भागातील घरांत खोटे बोलू नये, चोरी करू नये हे मुलांना पुरेसे शिकवलेले असते. तीच मुले प्रयोगशाळेत येतात आणि पहिल्याच सत्रात उलटे गणित करायला शिकतात. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. दोरीची लांबी मोजायची, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरणाची किंमत काढायची. पुस्तकात उत्तर ९.८१ असे छापलेले असते. मुलाचे उत्तर ९.६ येते. शेजारचा हळूच सांगतो की सर ९.८ च्या आसपास असेल तरच सही करतात. मग ९.८१ वरून सुरुवात करून, सूत्र उलटे फिरवून वेळेचे आकडे तयार होतात आणि रेकॉर्डमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, सुवाच्य अक्षरात उतरतात. या मुलाला आपण खोटे बोललो असे क्षणभरही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ती प्रात्यक्षिकाची रीत असते.

आता यातली खरी गंमत लक्षात घ्या. ९.८१ ही किंमत बेळगावची नाहीच. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे येऊ तसे गुरुत्वीय त्वरण कमी होते. उंचीबरोबर ते आणखी थोडे घटते. बेळगाव सुमारे १५.९ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. या दोन्ही गोष्टी धरून हिशेब केला तर येथील किंमत ९.७८ च्या आसपास येते. एक मीटर लांबीच्या लंबकाची शंभर आंदोलने घेतली, तर ९.८१ साठी लागणारा वेळ आणि ९.७८ साठी लागणारा वेळ यांत सुमारे ०.३ सेकंदाचा फरक पडतो. लांबी मिलिमीटरपर्यंत काळजीपूर्वक मोजली आणि आंदोलने वीसऐवजी शंभर घेतली, तर हा फरक महाविद्यालयातल्या साध्या साधनांनीही हाती लागू शकतो. म्हणजे ज्या मुलाने प्रामाणिकपणे मोजून ९.७८ लिहिले त्याने आपल्या गावाचे गुरुत्वाकर्षण मोजले, आणि ज्याने ९.८१ केले त्याने कुठल्या तरी परक्या अक्षांशाचे उत्तर उतरवून काढले. पाण्याच्या उत्कलनबिंदूचेही तेच. आपल्या उंचीवर पाणी ९७.५ अंशांच्या आसपास उकळते. तरीही वह्यांतून ते १०० अंशांवर उकळत असते.

म्हणून संस्कार घरी झालेले असले तरी ते प्रयोगशाळेच्या दारात आपोआप आत येत नाहीत. खोटे बोलू नये हे माहीत असणे वेगळे आणि 'हा आकडा बदलणे म्हणजे खोटे बोलणे आहे' हे ओळखता येणे वेगळे. ही ओळख विद्यापीठातच, त्या त्या विषयाच्या कामातूनच करून द्यावी लागते. लहान वयात ती करून द्यायची संधी घरातल्यांना मिळतच नाही.

मग रीडिंग चुकले तरी पूर्ण गुण द्यावेत का?

रीडिंग चुकण्याचे गुण कापावेत की नाही, हा प्रश्नच मला थोडा वाकडा वाटतो. गुण द्यायचे ते चूक शोधण्याला. ९.६ उत्तर आलेल्या विद्यार्थ्याने 'दोरीची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत मोजायला हवी होती' असे लिहिले, तर तो प्रयोग यशस्वी झाला आहे. त्याला सही मिळाली पाहिजे आणि वर्गात त्याचे नाव घेऊन कौतुकही झाले पाहिजे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थिनीने प्रकाशाच्या अपवर्तनाच्या प्रयोगात अपेक्षेबाहेरचे उत्तर आणले. परीक्षेची तारीख जवळ आली होती, बॅच मोठी होती, आणि मी वही परत करत 'बरोबर करून आण' एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती बरोबर करून घेऊन आली. तिने प्रिझम पुन्हा टेबलावर ठेवला नव्हता, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. मी सही केली. नीतिशिक्षणाचे जे जे तास मी पुढे घेतले, त्यांतल्या कोणत्याही तासापेक्षा त्या सहीने त्या मुलीला जास्त शिकवले असणार, आणि ते चुकीचे शिकवले.

याबाबत कायदा किंवा नियम आहेत का?

आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटीचे संवर्धन आणि वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यासाठी विनियम अधिसूचित केले. त्यानुसार प्रबंधातील मजकुराचे आधीच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. प्राध्यापकांच्या प्रकाशनांसाठी निबंध मागे घेणे, वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करण्यास मनाई असे दंड आहेत. तक्रारींसाठी विभागाच्या पातळीवर एक आणि संस्थेच्या पातळीवर एक, अशी दोन सचोटी मंडळे नेमायची असतात. पदवी मिळून गेल्यावर चौर्य सिद्ध झाले, तरी पदवी स्थगित ठेवता येते.

दंडाची ही कोष्टके सर्वांना पाठ असतात. त्याच विनियमांत आणखी एक जबाबदारी संस्थांवर टाकलेली आहे, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही: सचोटीची मूलतत्त्वे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आणावीत आणि दर सत्राला विद्यार्थी-शिक्षकांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत. म्हणजे शिकवणे आधी आणि शिक्षा मागून, हाच विनियमांचा क्रम आहे. यापाठोपाठ २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासात 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला.

साम्य १० टक्क्यांच्या आत आले, म्हणजे प्रबंध निर्दोष आहे असे समजावे का?

अजिबात नाही. सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. घरी बसून बनवलेली आकडेवारी त्याला शंभर टक्के अस्सल वाटते, कारण तसे आकडे जगात दुसऱ्या कोणी लिहिलेलेच नसतात. उलट, प्रयोगपद्धतीचे वर्णन करताना ठरावीक शब्दरचना वापरावीच लागते आणि तेवढ्यावरून प्रामाणिक विद्यार्थ्याचे साम्य वाढलेले दिसते. प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यात शब्द इकडेतिकडे फिरवून टक्केवारी खाली आणण्याची जी धावपळ चालते, ती पाहून मला नेहमी वाईट वाटते. चोरी तशीच राहते, फक्त तिच्यावरचा ठसा पुसला जातो.

आमचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले. इंग्रजीत स्वतःची वाक्ये जमत नाहीत म्हणून पुस्तकातली वाक्ये घ्यावी लागतात. हीदेखील चोरीच का?

सीमाभागातल्या मुलांचा हा प्रश्न मी फार गांभीर्याने घेतो. मराठी माध्यमातून दहावी, मग पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) विज्ञान शाखेत अचानक सगळे इंग्रजी, कचेऱ्यांतला व्यवहार कन्नडमध्ये, घरी मराठी: अशा तीन भाषांच्या चरकातून निघालेला विद्यार्थी संशोधनाला येतो तेव्हा त्याला विषय कळलेला असतो, पण इंग्रजी वाक्य हाताशी नसते. पीयूसीत त्याने उत्तरे पाठ करून गुण मिळवले आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली. पाच-सहा वर्षांनी तीच सवय गुन्हा ठरते आणि मधल्या काळात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा विद्यार्थ्याला अप्रामाणिक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याचबरोबर, वाक्य दुसऱ्याचे आहे आणि ते तसे दाखवलेले नाही, हे वास्तवही त्यामुळे बदलत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच भाषेतून जातो. मूळ लेख वाचून झाल्यावर तो मिटून ठेवावा. जे समजले ते मराठीत, आईला किंवा धाकट्या भावाला सांगावे तसे, पाच-सहा ओळींत लिहावे. मग त्या मराठी ओळींवरून इंग्रजी वाक्ये करावीत. ती साधी, तुटक, व्याकरणात कच्ची होतील. व्याकरण सुधारायला मार्गदर्शक किंवा मित्र मदत करू शकतात आणि तशी मदत घेण्यात काहीही गैर नाही. शेवटी ज्याच्याकडून कल्पना घेतली त्याचा संदर्भ द्यावा. या वाटेने चाललेल्या विद्यार्थ्याला पहिले प्रकरण लिहायला वेळ लागतो, पुढची भराभर होतात. आणि ज्याला ते मराठीत सांगता आले नाही, त्याला ते समजलेच नव्हते, हेही त्याचे त्यालाच कळते.

कन्नड किंवा इंग्रजी लेखनाचे मराठीत भाषांतर करून वापरले तर ते सॉफ्टवेअरला सापडत नाही. मग ते चालेल का?

चालणार नाही. भाषा बदलली म्हणून विचाराचा धनी बदलत नाही. आपल्या भागात दोन-तीन भाषा येणे ही खरी श्रीमंती आहे आणि तिचा उपयोग एका भाषेतले ज्ञान नाव घेऊन दुसरीत नेण्यासाठी व्हावा.

पाहणीसाठी प्रश्नावल्या भरून घेताना कोणती काळजी घ्यावी?

निपाणी परिसरातील तंबाखू आणि विडी कामगार स्त्रिया, चिक्कोडीकडील ऊस उत्पादक, खानापूरच्या जंगलालगतची गावे यांवर दरवर्षी कितीतरी पाहण्या होतात, आणि मोहाची जागा तिथेच आहे. दोनशे प्रश्नावल्या भरायच्या असतात, साठ भरल्यावर पावसाळा येतो, एसटी किंवा बस चुकते, आणि उरलेल्या एकशेचाळीस खोलीवर बसून भरल्या जातात. त्या ओळखूही येतात: खऱ्या उत्तरांत विसंगती असते, कोणी वय सांगत नाही, कोणी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देते, कोणी मध्येच उठून जाते; बनवलेल्या प्रश्नावल्या मात्र एकसारख्या नीटनेटक्या असतात. साठच भरल्या असतील तर साठच लिहाव्यात आणि नमुना लहान असल्याची मर्यादा मान्य करावी.

दुसरी बाब संमतीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यविषयक संशोधनात भाग घेणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. विड्या वळणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांची तपासणी करताना तिच्यापुढे इंग्रजी कागद ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. घरात मराठी बोलणाऱ्या बाईला मराठीत, कन्नड बोलणाऱ्या बाईला कन्नडमध्ये, उर्दू बोलणाऱ्या बाईला उर्दूमध्ये, हा अभ्यास कशासाठी आहे, त्यात त्रास काय आहे आणि तिला कधीही नाही म्हणता येते, हे तोंडी सांगितले पाहिजे. ती 'ताई, मालकांना विचारून सांगते' म्हणाली, तर थांबले पाहिजे. ती नकार देऊ शकते हे तिला खरोखर वाटेपर्यंत संमती झालेली नसते.

एखादे रीडिंग इतरांपेक्षा फारच वेगळे आले, किंवा मधली काही गहाळ असली, तर ती गाळावीत की भरून काढावीत?

दोन्ही करता येते. अट एकच, जे केले ते लिहिले पाहिजे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबी परिसरातल्या पावसाचा अभ्यास एखादी विद्यार्थिनी करत आहे असे समजा. जुलैतल्या तीन दिवसांची नोंद नाही, कारण नोंद करणारा माणूस आजारी होता. शेजारच्या केंद्रांवरून त्या दिवसांचा अंदाज बांधणे ही मान्य संख्याशास्त्रीय रीत आहे. परंतु अंदाजाचे आकडे मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत गुपचूप बसवले, तर तीच कृती फेरफार ठरते. तळटीपेतली एक ओळ हा सगळा फरक करते.

मोठी माणसेही येथे घसरली आहेत. रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या तेलथेंबांच्या प्रयोगावरील १९१३ च्या निबंधात ५८ थेंबांचे आकडे दिले आणि सलग ६० दिवसांत अभ्यासलेले सर्व थेंब हेच आहेत, निवडून घेतलेले नाहीत, असे म्हटले. पुढे त्यांच्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्या काळातले इतरही थेंब गाळलेले आढळले. गाळलेल्यांपैकी अनेकांना योग्य तांत्रिक कारणे होती आणि ते धरले असते तरी निष्कर्ष फारसा बदलला नसता, असे त्यांची बाजू घेणारे म्हणतात. ते मान्य केले, तरी 'सर्व थेंब' हे शब्द खरे नव्हते. वर्गात चर्चेसाठी मला हे उदाहरण सर्वांत आवडते, कारण येथे खलनायक सापडत नाही आणि विद्यार्थ्यांना स्वतः विचार करावा लागतो.

मार्गदर्शकाचे, विभागप्रमुखाचे किंवा मित्राचे नाव लेखक म्हणून घालावे का?

ज्याने कल्पना, प्रयोग, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा उचलला आणि जो त्या निबंधाच्या खरेपणाची जबाबदारी घेतो, त्याचेच नाव लेखकांत यावे. आदरापोटी नाव घालणे आपल्याला सौजन्य वाटते. गुप्ता प्रकरणात मात्र त्यांच्यावर विसंबून नाव दिलेले कितीतरी सहलेखक नमुने कुठून आले हे न पाहताच त्यात ओढले गेले. आदर व्यक्त करायला ऋणनिर्देशाची जागा आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: रात्र रात्र जागून नमुने तपासणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव गाळणे ही तितकीच मोठी लबाडी आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायला तिला आधार कमी असतो.

पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके कशी ओळखावीत?

तज्ज्ञांकडून परीक्षण न होता स्वीकृती येते, संपादक मंडळाचा ठावठिकाणा लागत नाही आणि शुल्काची घाई असते, एवढ्यावरून बहुतेक ओळखता येतात. दर्जेदार नियतकालिकांची आयोगाची 'केअर' यादी आता बंद झाली आहे, त्यामुळे पारख आपली आपल्यालाच करावी लागते. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची देशपातळीवरील सक्ती उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र तपासून घ्यावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरणे अनैतिक आहे का?

भाषा सुधारण्यासाठी वापरून ते नमूद केले, तर मला त्यात दोष दिसत नाही; आपल्या भागातल्या मुलांना तर त्याचा आधारच होईल. पण ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने देतात. स्वतः न वाचलेला संदर्भ प्रबंधात घालणे हे पूर्वीही चुकीचे होते.

अभियांत्रिकीत 'वैश्विक मानवी मूल्ये' हा विषय आहेच. तेवढे पुरेसे नाही का?

तो विषय असणे चांगले आहे. अडचण त्याच्या शिकवण्याच्या रीतीत आहे. मूल्यांची व्याख्या लिहा, मूल्यांचे प्रकार सांगा, असे प्रश्न आले की मूल्येही पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. मूल्यशिक्षण विषयाच्या पोटात गेले पाहिजे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरीला लागणाऱ्या मुलाला धातुशास्त्राच्या तासालाच सांगितले पाहिजे की एका हीटची, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याची, कठिणता कमी आली असताना टेस्ट सर्टिफिकेटवर आधीच्या हीटचा आकडा टाकला, तर ते कास्टिंग कुठल्या तरी ट्रकच्या चाकाजवळ बसणार आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने माती परीक्षणाचे उदाहरण घ्यावे: एका बांधावरची माती दहा पिशव्यांत भरून दहा शेतांच्या नावाने पाठवली, तर खताचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. अशी चर्चा वीस मिनिटांची असली तरी ती लक्षात राहते, कारण त्या शेतकऱ्याचा चेहरा वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी असतो.

आणि हे काम एकट्या मूल्यशिक्षणाच्या शिक्षकावर सोपवू नये. विद्यार्थी पाहतात ते प्रत्येक विभागातल्या वागण्याकडे. वर्षभर हजेरीपट मागील तारखेने भरणाऱ्या विभागाने सचोटीवर व्याख्यान ठेवले, तर मुले व्याख्यानाला बसतात आणि शिकतात ते हजेरीपटाकडून.

खानापूरच्या जंगलातील वैदूंकडून वनस्पतींची माहिती घेऊन संशोधन केले, तर त्यांचे नाव देणे आवश्यक आहे का?

श्रेय देणे आवश्यक आहे, मात्र त्यांची संमती घेऊन. काहींना नाव प्रसिद्ध होऊ नये असे वाटते आणि तेही पाळले पाहिजे. हे ज्ञान त्यांनी कागदावर छापलेले नाही म्हणून ते बेवारस ठरत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये पारंपरिक ज्ञान जपणाऱ्यांना लाभाचा न्याय्य वाटा मिळावा हे तत्त्व आहे, आणि गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांची तरतूदही त्यातूनच आली. बेळगावात पारंपरिक वैद्यकावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनी संमतीची आणि लाभाच्या वाटपाची रीत जाणकारांकडून आधीच समजून घ्यावी. माझ्या मते संशोधन पूर्ण झाल्यावर त्या वैदूंकडे परत जाऊन निष्कर्ष त्यांच्या भाषेत सांगणे हेही कर्तव्यच आहे, मग ते कोणत्या नियमात असो वा नसो.

मार्गदर्शकच आकडे बदलायला सांगत असतील तर विद्यार्थ्याने काय करावे?

या प्रश्नाला सोपे उत्तर देणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरेल. त्याची चार-पाच वर्षे, शिष्यवृत्ती आणि घरच्यांच्या आशा त्या एका सहीवर अवलंबून असतात. आपल्याकडे गुरूपुढे मान वर करून बोलण्याची रीत नाही, आणि सीमाभागातून गेलेल्या मुलाला परक्या भाषेत तक्रार करण्याचीही भीती असते.

तरीही काही गोष्टी करता येतात. मूळ नोंदी तारखेसह, खाडाखोड न करता, एक प्रत स्वतःकडे ठेवून जपाव्यात. सूचना तोंडी असेल तर 'सर, हे तीन आकडे कोणत्या कारणाने वगळायचे, ते प्रबंधात कसे लिहू?' असे नम्रपणे लेखी विचारावे. अनेकदा एवढ्यानेच सूचना मागे घेतली जाते, आणि कधी कधी मार्गदर्शकांकडे खरोखरच योग्य तांत्रिक कारण असल्याचेही कळते. त्याने भागले नाही, तर प्रगती आढावा समितीतील दुसऱ्या प्राध्यापकांचा सल्ला घ्यावा. त्यानंतर सचोटी मंडळाची वाट येते. विनियमांतील ही मंडळे वाङ्मयचौर्याच्या चौकशीसाठी असल्याने आकड्यांतील फेरफाराची तक्रार त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. विद्यापीठांनी स्वतःहून ती चौकट रुंद केली पाहिजे आणि तक्रारदाराला दुसरा मार्गदर्शक मिळण्याची हमी लेखी दिली पाहिजे. ही हमी नसताना विद्यार्थ्यांना निर्भय व्हा असे सांगण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना नाही.

प्रसिद्ध झालेल्या माझ्याच निबंधात चूक आढळली तर?

सर्व सहलेखकांना कळवावे आणि संपादकांना लिहावे. चूक लहान असेल तर शुद्धिपत्र निघते, निष्कर्षच ढासळत असेल तर निबंध मागे घ्यावा लागतो. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला आपल्या गटाचा निबंध जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला, आणि आपण त्या कामाकडे पुरेसे लक्ष दिले नाही हे स्वतः जाहीरपणे सांगून क्षमा मागितली. ते काम पुन्हा करून पाहता आले नव्हते. निबंधाच्या पहिल्या लेखकाची प्रयोगवही उघडून पाहिली, तेव्हा महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या त्या वेळच्या नोंदी आणि मूळ आकडे तिच्यात नव्हते.